एका घोड्याचा हिशेब: अफनासी निकितीन, चौल ते बीदर

मंडळी, अफनासी निकितीन म्हटलं की आपल्याकडे अनेकांना रेवदंड्याचा स्मृतिस्तंभ आठवतो. वास्को द गामाच्या पाव शतक आधी एक रशियन माणूस चौलला उतरला, एवढं माहीत असतं. त्याची प्रवासाची वही आज मी एका वेगळ्या बाजूने उघडणार आहे. हा माणूस व्यापारी होता, आणि इथे विकायला आणलेला त्याचा जो माल वहीत दिसतो तो म्हणजे एक नर घोडा. त्याने कुठल्या वाटेने जायचं, कुठे अडकायचं, कुठे किती खर्च करायचा, हे बरंचसं त्या घोड्याने ठरवलं.

घोडा आला कुठून, इथून सुरुवात करू. निकितीन व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा. तो भारतात यायला निघालाच नव्हता. त्याला जायचं होतं शिरवानला, म्हणजे आजच्या अझरबैजानकडे. निझनी नोव्हगोरोदला दोन आठवडे थांबून त्याने शिरवानच्या वकिलाची, म्हणजे राजदूताची, सोबत धरली. हा वकील मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानकडून नजराण्याचे ९० ससाणे घेऊन परतत होता. एवढी सरकारी सोबत असूनही आस्त्राखानपाशी तातारांनी गाठलं. लहान नाव मासेमारीच्या बांधात अडकली आणि लुटली गेली. निकितीन बसला होता मोठ्या नावेत, माल होता लहान नावेत. शिरवानशहाकडे दाद मागितली, हाती काही आलं नाही. तो लिहितो की ज्यांचं रशियात काही होतं ते परत गेले. जे देणं लागत होते ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितीन परत गेला नाही. बाकू, मग कास्पियन ओलांडून इराण: सारी, आमोल, काशान, यझ्द, लार करत तो होर्मुझला पोचला.

या लुटीत त्याची धर्मपुस्तकंही गेली. त्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी, हे त्याला अंदाजाने आणि मुसलमानांच्या सणांवरून ठरवावं लागलं. म्हणूनच त्याच्या सालांचा घोळ आहे. जुने अभ्यासक १४६६ ते १४७२ धरतात. बहमनी मोहिमांशी ताळा घातल्यावर १४६८ ते १४७४ जास्त पटतं. सालं हलली तरी ऋतू हलत नाहीत, आणि आपल्याला ऋतूच हवे आहेत.

होर्मुझला त्या काळी सगळ्या मालावर दहावा हिस्सा जकात होती. दख्खनला घोडे जायचे ते मुख्यतः इथून आणि अरबस्तानातून. होर्मुझच्या जहाजांचं वर्णन मार्को पोलोने त्याआधी पावणेदोनशे वर्षं करून ठेवलं आहे: लोखंडी खिळा नाही, फळ्या नारळाच्या काथ्याने शिवलेल्या, एक डोलकाठी, एक शीड, एक सुकाणू. खाली माल, मालावर कातडी पसरायची आणि कातड्यांवर घोडे उभे करायचे. अशी जहाजं बुडायची फार, हेही तो सांगतो. घोड्याला उलटी करता येत नाही, हलत्या नावेत तो आडवा होऊ शकत नाही, आणि आठवडेच्या आठवडे चार पायांवर उभं राहून त्याचे पाय सुजतात. वर गोडं पाणी. माणसाला पुरतं त्याच्या कितीतरी पट पाणी एक घोडा पितो, म्हणजे तेवढी जागा मालातून गेली. तेव्हा चौलच्या धक्क्यावर जिवंत उतरलेल्या घोड्याच्या किमतीत वाटेत मेलेल्यांची किंमतही चढवलेली असायची.

निकितीन ईस्टरनंतरच्या आठवड्यात, घोडे भरलेल्या जहाजातून निघाला. मस्कत, गुजरात, खंबायत, मग चौल. चौलपर्यंत सहा आठवडे. ईस्टरपासूनचे दिवस मोजले तर तो आजच्या कॅलेंडरच्या जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उतरतो. कोकणात कुणालाही विचारा, या दिवसांत नावा किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. म्हणजे हे मोसमाच्या अगदी शेपटाला आलेलं जहाज. तो स्वतः लिहितो की ट्रिनिटीच्या सणापासून इथला हिवाळा लागला, आणि चार महिने रात्रंदिवस जिकडेतिकडे पाणी आणि चिखल. ट्रिनिटी म्हणजे ईस्टरनंतर सात आठवडे. पाऊस आणि निकितीन जवळजवळ एकदमच चौलला आले!

आता त्याचे मुक्काम बघा. चौल ते पाली ८ दिवस, पाली ते उमरी १० दिवस, उमरी ते जुन्नर सहा-सात दिवस. चौल ते पाली हे अंतर धडधाकट माणूस दोन दिवसांत चालतो. आठ दिवस लागले याचं कारण मला तरी एकच दिसतं: भरलेले ओढे, चिखलाच्या वाटा आणि सोबतीला शंभर रुबलचा घोडा. जुन्नरपर्यंत तो आपल्याला १०० रुबलला पडला, असं त्याने स्पष्ट लिहिलं आहे. एवढ्या किमतीचं जनावर निसरड्या घाटात कुणी घाईने चढवत नाही. पाय मोडला की शंभर रुबल शून्य.

जुन्नरला तो दोन महिने होता. डोंगरावरच्या शहराचं त्याचं वर्णन वाचताना शिवनेरी डोळ्यांपुढे येतो: तटाची गरज नाही, देवानेच बांधलेलं, वाट अशी अरुंद की एकेकानेच चढावं. चंदीची, म्हणजे घोड्याच्या खुराकाची, नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. इथे घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि म्हशी होतात, असं तो म्हणतो. आणि घोड्यांना हरभरा घालतात, शिवाय साखर आणि तेल घालून शिजवलेली खिचडी. हसू नका. दख्खनच्या पठारावर इराण-अरबस्तानसारखं कोरडं हवामान नाही, पावसाळ्यातलं गवत पाणचट, नंतर ते वाळून काडी होतं. लढाईच्या घोड्याचं अंग त्यावर टिकत नाही, म्हणून दाणा आणि स्निग्ध हवं. ते रोज हवं. पैदास पुरेशी नाही आणि बहमनी-विजयनगरच्या लढाया थांबत नाहीत, त्यामुळे समुद्रावरून घोडे आणत राहावंच लागे.

मग घोडा गेला. जुन्नरच्या असदखानाने तो काढून घेतला. मालक मुसलमान नाही हे कळल्यावर अट घातली: आमच्या धर्मात आलास तर घोडाही देईन आणि हजार मोहरा, नाही आलास तर घोडा जाईल आणि वर हजार मोहरा दंड. मुदत चार दिवस. खुरासानचा ख्वाजा मुहम्मद त्याच सुमारास आला, त्याने रदबदली केली आणि घोडा सुटला. याला धर्मवेडाची गोष्ट म्हणून सांगतात; मला त्यात बाजारही दिसतो. हा खान बहमनी वजीर मलिक-उत्-तुज्जार महमूद गावानच्या हाताखालचा, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात मोठ्या फौजेतला. त्याच्या पागेला घोडे हवेच होते, आणि एकट्या, बिनओळखीच्या परदेशी माणसाचा घोडा सगळ्यात स्वस्त.

निकितीनने धडा घेतला असावा. पुढे तो ख्वाजा युसुफ खुरासानी या नावाने वावरतो.

१५ ऑगस्टच्या मेरीच्या ख्रिस्ती सणाला जुन्नर सोडून महिनाभर चालत तो बहमनी राजधानी बीदरला पोचला. बीदरपासून १२ ‘कोव’वर (हे त्याचं अंतराचं माप) आळंदला (आपली आळंदी नव्हे, गुलबर्ग्याकडचं आळंद) शेख अलाउद्दीनच्या उरुसाचा दहा दिवसांचा बाजार भरायचा, आणि तिथे वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात असं तो लिहितो. आकडा गोल आहे, पण निम्मा धरला तरी प्रचंड. त्याने घोडा तिथे विकला नाही, नाताळच्या सुमारास बीदरला विकला. यात शहाणपण होतं असं मला वाटतं: हजारो घोडे एका मैदानात उभे असताना एकच घोडा असलेल्याला भाव कोण देणार?

खर्च त्याने मांडला आहे: घोडा वर्षभर खायला घातला, ६८ फुतून (तेव्हाचं नाणं) लागले. होर्मुझहून निघाल्यापासून नाताळपर्यंत आठ-नऊ महिने होतात. वर्ष खरं असेल तर घोडा होर्मुझच्या आधीच, इराणात घेतला असणार. गंमत म्हणजे खरेदीखर्च आहे, चंदीचा खर्च आहे, विक्रीची किंमत मात्र तो लिहीत नाही. मोठा नफा झाला असता तर व्यापाऱ्याने तो आकडा गाळला असता का?

परतीचा माल घ्यायचा तर तिथेही निराशा. आपल्या देशात खपेल असं काही इथे नाही, असं तो चिडून लिहितो, ज्यांनी भरीला घातलं त्यांना शिव्या देतो. मिरी आणि रंग स्वस्त, पण समुद्रावर जकात जबर आणि चाचे फार.

निघताना त्याने दाभोळ गाठलं. तेव्हाचं हे मोठं बंदर. मिसर, अरबस्तान, खुरासान, तुर्कस्तानचे घोडे इथे उतरायचे. होर्मुझपर्यंत त्याने दोन मोहरा भाडं दिलं. महिनाभर जमीन दिसली नाही, आणि दिसली ती हबसाणची, म्हणजे इथिओपियाची. तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटून जहाज लुटीतून वाचवलं, मग बारा दिवसांत मस्कत. पुढे शिराझ, इस्फहान, तब्रीझ, इराणचा तेव्हाचा राजा उझून हसन याची छावणी आणि काळ्या समुद्रावरचं त्रेबिझोंद. उझून हसनकडून आला म्हणून तिथल्या तुर्की अधिकाऱ्यांनी कागदपत्रांसाठी त्याचं सगळं सामान उपसलं. तिथून एक मोहर भाड्यावर तो क्रिमियातल्या काफाला निघाला. स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच तो वारला. त्याची वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेली, आणि १४७५ साली ती राजाचा कारभारी वासिली मामिरेव याच्या हाती आली.