शिंगाचं दुसरं टोक

नमस्कार श्रोतेहो. आज समुद्राच्या पाण्याबद्दल बोलू या. भरतीबद्दल थोडं, ओहोटीबद्दल जास्त.

भरती-ओहोटी का होते ते तुम्ही शाळेत शिकला आहात, म्हणून झटपट उजळणी करते. चंद्र पाण्याला ओढतो. सूर्यही ओढतो, पण त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमीच. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. रोज ५० मिनिटं, कारण दरम्यान चंद्रही पुढे सरकलेला असतो.

आता गोष्ट. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स लोकांची ही कथा १३व्या शतकात आइसलँडमध्ये लिहून ठेवली गेली. मेघगर्जनेचा देव थॉर एकदा राक्षसांचा राजा उटगार्ड-लोकी याच्या वाड्यावर जातो. राजा म्हणतो, "अंगी काही करामत असल्याशिवाय इथे कुणाला थारा नाही." थॉर म्हणतो, "पिण्यात माझा हात कुणी धरणार नाही." मग चाकर एक शिंग आणतो. फार मोठं वाटत नाही, पण चांगलंच लांब. राजा सांगतो, "चांगला पिणारा हे एका दमात संपवतो. काहींना दोन दम लागतात. तीन दमांतही संपलं नाही, इतका कच्चा आमच्यात कुणी नाही."

थॉरला तहान लागलेलीच होती. तो शिंग तोंडाला लावतो आणि श्वास पुरेल तोवर गटागट पितो. डोकावून बघतो तर जेमतेम काही उतरलेलं. दुसरा दम. त्यात पहिल्याहूनही कमी. तिसऱ्या वेळी तो संतापून, सगळा जीव एकवटून पितो. आता फरक दिसतो, पण शिंग काही रितं होत नाही. थॉर मान खाली घालून ते परत देतो.

सकाळी राजा त्याला वेशीबाहेर पोचवायला येतो आणि तिथे खरं सांगतो. "काल तू हरलास असं तुला वाटतंय. पण त्या शिंगाचं दुसरं टोक समुद्रात होतं. किनाऱ्यावर जाशील तेव्हा बघ, समुद्र किती खाली गेलाय." त्यालाच पुढे लोक ओहोटी म्हणू लागले.

शिंगाचं दुसरं टोक समुद्रात! ही कथा मी कितीदा सांगितली असेल, तरी या वाक्याला अंगावर काटा येतोच. आपल्या अगस्तींनीही समुद्र प्राशन केला, आणि तळाशी लपलेले कालेय असुर उघडे पडले. दोन्हीकडे पिणं आहे, आणि पाणी सरल्यावर दिसणारं काहीतरी आहे.

म्हणूनच 'लोकप्रियतेला ओहोटी लागली' हा वाक्प्रचार मला मुळीच आवडत नाही. ओहोटी म्हणजे ऱ्हास नव्हे. खडकांतली डबकी उघडी पडतात ती ओहोटीतच. तिथे समुद्रफूल नावाचा फुलासारखा दिसणारा प्राणी आपले हात आत ओढून, ओल धरून बसलेला असतो. लिंपेट नावाचा टोपीसारख्या शिंपल्याचा जीव खडकावर चरून नेमक्या आपल्याच जागी परततो, आणि वर्षानुवर्षं बसून त्या जागी शिंपल्याच्या मापाची खाच पडते. डबक्याचं पाणी उन्हात तापतं, खारट होत जातं. पावसात त्याचा खारेपणा उतरतो. हे सगळं सोसून ही मंडळी तग धरतात.

चित्रकारांनी मात्र लाटाच जास्त रंगवल्या. जपानी चित्रकार होकुसाईची लाट तर जगभर पोचली. मला जवळचं वाटतं ते विल्यम डाइसचं 'पेगवेल बे', इंग्लंडमधल्या एका किनाऱ्याचं चित्र. १८५८च्या ऑक्टोबरमधली संध्याकाळ, पाणी ओसरलेलं, घरची माणसं शंख-शिंपले वेचतायत, आणि आकाशात डोनाटीचा धूमकेतू अगदी पुसट.

श्रोतेहो, डबकी बघायची तर अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास जा. उधाण मोठं, तशी ओहोटीही खोल. दगड उलटलात तर होता तसाच ठेवा, खालच्या बाजूला अंडी चिकटलेली असतात. आणि मागे वळून बघत राहा, कारण परतताना पाणी आधी तुमच्या पाठीमागच्या घळी भरतं.

नमस्कार.