शेवटचा धागा

सिझेरियन चालू आहे, बाळाचा पहिला टाहो ऐकू आलाय. वार निघाली, गर्भाशय शिवून झालं, स्नायूंवरचं घट्ट पांढरं आवरणही मिटलं. आता राहिली फक्त त्वचा. ओटीपोटावरचा हा आडवा छेद जर्मन डॉक्टर फानेनस्टील यांनी १९०० साली मांडला. आतले टाके आईला कधी दिसणार नाहीत, ही रेष मात्र ती रोज पाहणार आहे.

ही रेष मिटवायची कशाने? झटपट काम होतं स्टेपल्सनी. धातूच्या पिना एकामागून एक बसतात, काही मिनिटांत सगळं आटोपतं. दुसरा मार्ग सुई-धाग्याचा. त्वचेच्या पृष्ठभागाच्या अगदी लगत, आतल्या आत नागमोडी जाणारा टाका. २०१४ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत ७४६ बायकांमध्ये या दोन्हींची तुलना झाली. जखमेच्या तक्रारी स्टेपल्सच्या गटात १०.६ टक्के, टाक्यांच्या गटात ४.९ टक्के. टाक्यांना वेळ लागला सुमारे नऊ मिनिटं जास्त. पुढची शस्त्रक्रिया खोळंबलेली असते तेव्हा ही नऊ मिनिटं फार वाटतात, हे खरं. पण उसवलेल्या जखमेचं ड्रेसिंग करून घेत तान्ह्या बाळाला पाजणाऱ्या बाईला विचारा. ती मिनिटं द्यायलाच हवीत.

आता धाग्याकडे जवळून पाहू. हा पॉलिग्लॅक्टिन, बारीक तंतू विणून केलेला. हाताला मऊ, गाठ छान बसते. पण त्या विणीच्या फटींत जंतूंना आसरा मिळतो. शेजारचा पॉलिग्लेकाप्रोन, एकच सलग तंतू. गुळगुळीत असल्याने ऊतींना न ओरबाडता सरकतो. मात्र जरा ताठ, म्हणून गाठ काळजीने मारावी लागते. २०१७च्या एका चाचणीत विणलेल्या धाग्याच्या गटात १४.४ टक्के जखमांना त्रास झाला, सलग तंतूच्या गटात ८.८ टक्के.

हा सलग तंतू आठवडाभरात आपली जवळपास निम्मी ताकद गमावतो. मग जखम उघडणार नाही का? नाही, कारण पोटाचा ताण पेलतं ते आतलं आवरण. त्वचेच्या धाग्याने कडा फक्त जुळवून धरायच्या, आणि वरचा पापुद्रा एक-दोन दिवसांतच सांधू लागतो. चरबीचा थर दोन सेंटीमीटर किंवा त्याहून जाड असेल, तर तो आधी वेगळा शिवावा लागतो. नाहीतर आत पाणी साचतं, आणि वरचा धागा कितीही चांगला निवडला तरी जखम उसवू शकते.

रेषेच्या टोकाशी शेवटची गाठ बसते. सुई आत शिरते, थोडं पुढे बाहेर येते, धागा ताणला की गाठ त्वचेखाली जाते, मग धागा अगदी लगत कापतात. तीन-चार महिन्यांत तो शरीरातच विरून जाईल. मध्येच कधी बारीक टोक वर येऊन टोचू लागलं, तर ते घरी ओढू नका, डॉक्टरांना दाखवा.