बोरिंगचं पाणी आणि कुलूपबंद निबंध

श्रोतेहो, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी आम्ही केळापूर आणि झरी जामणीकडच्या बोरिंगच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजलं. आपल्याकडे हे दुखणं जुनं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, पुढे सांधे आखडतात. विद्यार्थी उन्हातान्हात कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर फिरले, बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. शोधनिबंध झाला, बाहेरदेशीच्या एका जर्नलात, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकात, छापूनही आला.

वर्षभराने बाजारात पोडावरचे एक आजोबा भेटले. म्हणाले, "सर, बाटल्या भरून नेल्त्या तुमी. काय निंगालं आमच्या पान्यात?"

जे होतं ते तोंडी सांगितलं. मग वाटलं, छापील प्रत द्यावी. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर निबंध उघडला, तर आत शिरायचेच पैसे. मूळ फाइल माझ्याजवळ होती, पण सही केलेल्या कागदावर सारे हक्क मी प्रकाशकाला लिहून दिले होते. पाणी त्यांच्या बोरिंगचं, पगार सरकारचा, मेहनत पोरांची, आणि आजोबांना द्यायला माझ्या हाती एक पानसुद्धा नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शेतकऱ्याला कापसाचा भाव कमी का होईना, मिळतो तरी. जर्नलात लिहिणाऱ्याला छदाम मिळत नाही, छापण्याआधी निबंध तपासणाऱ्यालाही नाही. काही ठिकाणी तर वाचक फुकट वाचतो, पण छापण्याची फी लेखकाकडून घेतात. पैसे भरले की दोन दिवसांत 'स्वीकारला' असं पत्र पाठवणारेही भेटले. दोन दिवसांत कुणी काय तपासलं असेल?

आता कुणी म्हणेल, सरकारी संस्थांना जर्नलं वाचायला देणारी 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजना आलीच की. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने तिला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये आणि जवळपास १३,००० जर्नलं. सरकारी विद्यापीठांतल्या, कॉलेजांतल्या मुलांसाठी ही मोठीच सोय आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण पोडावरचा माणूस, आशाताई, झेडपीच्या शाळेतले गुरुजी तिच्या बाहेरच राहतात.

म्हणून आम्ही चार कॉलेजांतले काही प्राध्यापक एकत्र बसलो आणि आपलंच जर्नल काढायचं ठरवलं. सहामाही. वाचायला फुकट, छापायलाही फुकट. जगात याला डायमंड ओपन ॲक्सेस म्हणतात. यात नवं काही नाही. ब्राझीलने १९९८ मध्ये खुल्या जर्नलांचं 'सायेलो' हे ऑनलाइन भांडार उभं केलं, ते याच वाटेने. २०१५ मध्ये 'लिंग्वा' या भाषाशास्त्राच्या जर्नलच्या संपादकांनी एकत्र राजीनामे दिले आणि 'ग्लोसा' हे खुलं जर्नल सुरू केलं. 'ओपन जर्नल सिस्टिम्स' हे जर्नल चालवायचं सॉफ्टवेअर कॅनडात जॉन विलिन्स्की यांच्या प्रकल्पातून आलं आणि ते कुणालाही मोफत मिळतं. जर्नलची ओळख असलेल्या आयएसएसएन क्रमांकाला आपल्या देशात पैसे लागत नाहीत. खर्च उरतो सर्व्हरचा आणि वेबसाइटच्या नावाचा. तो आम्ही वर्गणी काढून भागवतो.

पैशाचं एवढं अवघड नाही. अवघड आहे ते नाही म्हणणं.

आलेला प्रत्येक निबंध लेखकाचं नाव झाकून दोन बाहेरच्या माणसांकडे जातो. ते प्रश्न विचारतात: नमुने कोणत्या महिन्यात घेतले? पावसाआधी की नंतर? यंत्र कशाने पडताळलं? पहिल्याच अंकाला आमच्यातल्याच एका मित्राचा निबंध परत गेला. त्याची बढती त्या निबंधावर अडली होती. तो कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं, पण तो छापला असता तर आमच्यात आणि त्या दोन दिवसवाल्यांत फरक काय राहिला असता? फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्य जर्नलांची 'केअर' यादी बंद करून जर्नल पारखण्याचं काम संस्थांवरच सोपवलं. तेव्हापासून तर ही जबाबदारी आणखीच जड झाली आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांतलं नवजात बाळांवरचं काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या नामांकित जर्नलमध्ये मांडलं आणि जगाने ते वाचलं. तसं काम तिथे जायलाच हवं. पण एका तालुक्याची बोरिंगं, एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ, पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतले शेतीचे शब्द, यांना मोठी जर्नलं 'विषय स्थानिक आहे' म्हणून परत पाठवतात. आमच्याकडे स्थानिक असणं हा दोष नाही. प्रत्येक निबंधासोबत एक पान साध्या मराठीत लागतंच; ते नसेल तर निबंध पुढे जात नाही. काही सहकाऱ्यांना हे पान निबंधापेक्षा जड जातं. जाऊ दे. तिथेच कळतं, आपल्याला आपलं काम किती समजलं ते.

फ्लोराइडची मोजणी आम्ही पुन्हा केली आणि या वेळी आपल्याच जर्नलात छापली. मराठी पानाची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली, एक आजोबांना नेऊन दिली. नातीने ती मोठ्याने वाचली. आजोबा ऐकत होते. मधेच त्यांनी हात वर केला. "सर, शाळेजवळची म्हून लिवली हे बोरिंग, ते शाळेजवळची नाही. ते देवळामांगची हाय. शाळेजवळची तं कोरडीच हाय."

आम्ही चिठ्ठ्या काढून पाहिल्या. त्यांचंच बरोबर होतं. पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर शुद्धिपत्र छापलं, आणि त्यांना विचारून खाली त्यांचं नाव दिलं.

नमस्कार.