हाडपेर आणि नदी

मंडळी, मघाशी चहा घेताना एक बाई मला म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या घराण्याचं हाडपेरच मोठं. नुसतं पाणी प्यायलं तरी अंगी लागतं." त्या सहज बोलल्या, पण मला आज पाण्याचीच गोष्ट सांगायची आहे.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये गिला नदीच्या काठी पिमा लोक राहतात. ते स्वतःला 'अकिमेल ओओधाम' म्हणवतात, म्हणजे नदीचे लोक. शेकडो वर्षं पाट काढून त्यांनी मका, भोपळा पिकवला आणि तेपारीही. तेपारी म्हणजे आपल्या मटकीसारखं दुष्काळात तग धरणारं कडधान्य. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नदीच्या वरच्या अंगाला गोऱ्यांनी पाणी वळवून घेतलं. शेतं करपली, लोक उपाशी राहिले. पुढे सरकारी शिधा आला: मैदा, साखर, डुकराची चरबी. त्यातून झाली फ्राय ब्रेड. भटुरा डोळ्यांसमोर आणा, फक्त चरबीत तळलेला.

1965 पासून सरकारी संशोधक या लोकांना तपासू लागले, तेव्हा मधुमेह आणि लठ्ठपणा भयंकर दिसला. त्याआधी, 1962 मध्ये, जेम्स नील यांनी 'काटकसरी जनुका'ची कल्पना मांडली होती: दुष्काळात तगायला चरबी साठवणारी जनुकं सुकाळात अंगावर येतात. पिमांना ती चपखल बसली. सगळ्यांना हायसं वाटलं असणार! रक्ताचाच दोष म्हटलं की पाण्याचा हिशोब कोणी मागत नाही.

पण याच कुळीचे लोक सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या डोंगरातल्या मायकोबा गावातही आहेत. घेवडा, मक्याची भाकरी, बटाटे हे त्यांचं खाणं आणि शेतीची अंगमेहनत. 1995 मध्ये तिथे पाहणी झाली. मधुमेह अ‍ॅरिझोनात 38 टक्के, मायकोबात 6.9. अ‍ॅरिझोनात बायकांमध्ये चारातल्या जवळपास तीन लठ्ठ, इथे पाचातली एक. आणखी एक आकडा बघा, मला तोच जास्त बोलका वाटतो. मायकोबातले जे शेजारी पिमा नव्हते, त्यांच्यात लठ्ठ बायका 27 टक्के होत्या, म्हणजे पिमांपेक्षा जास्तच.

मग जनुकं काहीच करत नाहीत का? करतात की. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांची वजनंसुद्धा बरीच जुळतात, हे 1990 मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड यांनी स्वीडनच्या जुळ्यांवरून दाखवलं. पण ती सगळी माणसं एकाच पंगतीत बसलेली. पंगतीला एकच पान वाढलं, की कोण किती फुगणार हे हाडपेर ठरवतं. पानात काय वाढायचं, ते वाढपी ठरवतो. दोन देशांची तुलना म्हणजे दोन पंगतींची तुलना, आणि तिथे जुळ्यांचा आकडा लावणं ही सरळसरळ गल्लत आहे.

सामोआचं उदाहरण मी लपवत नाही. तिथल्या बऱ्याच लोकांत एका जनुकाचं असं रूप सापडलं, जे पॅसिफिक बेटांवरच्या लोकांबाहेर जवळजवळ नाहीच. 2016 चं संशोधन आहे. त्याने वजन वाढतं हे खरं. गंमत अशी, की ते रूप असलेल्यांत मधुमेहाचा धोका उलट कमी. काटकसरी जनुकाची गोष्ट इतकी सरळ नाही.

मायकोबाला पुढे रस्ता पोचला, वीज पोचली, दुकानातला माल पोचला. 2010 मध्ये संशोधक पुन्हा वजनकाटा घेऊन गेले, तर लठ्ठपणा वाढलेला. पंधरा वर्षांत कुळी काही बदलत नाही.

आणि गिला? 2004 मध्ये अमेरिकेने कायदा करून तिथल्या पिमांचा पाण्यावरचा हक्क मान्य केला. काही शेतांत आता तेपारी पुन्हा दिसते. रात्रभर भिजवावी लागते, शिजायला तासन्‌तास घेते. फ्राय ब्रेड पाच मिनिटांत होते.