गिळायचा त्रास असलेलं मूल आणि आपली तुकड्यातुकड्यांतली तपासणी

नमस्कार मंडळी. आज स्पीच थेरपिस्ट आहेत, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओ आहेत, काही आईबाबाही आलेत ते फार बरं झालं, कारण हे सगळ्यांसमोरच बोलायला हवं. मुंबईत तज्ज्ञ कमी नाहीत, पण कल्याण-विरारहून आई मूल कडेवर घेऊन लोकलने येते, एक दिवस बालरोगतज्ज्ञांकडे, मग ईएनटीला, मग डाएटिशियनकडे, आणि दरवेळी सगळी हिस्टरी पहिल्यापासून सांगते. मला हे अजिबात पटत नाही. या सगळ्यांनी निदान एकदा तरी त्या मुलाला एकत्र बसून जेवताना बघायला हवं.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसलेलं मूल धरा, ठसका लागतो, वजन वाढत नाही, सारखी छाती भरते. स्पीच थेरपिस्ट जीभ, ओठ, जबडा बघणार, पण मूल मांडीवर आडवं आणि मान मागे पडलेली असेल तर गिळायची तयारी व्हायच्या आधीच अन्न घशात उतरतं, मग दोष जिभेचा किती आणि बसण्याचा किती हे कळणार कसं? तिथे ओटी किंवा फिजिओ शेजारीच हवेत, पाठ, मान, पाय नीट टेकवून दिले की कधीकधी त्याच मुलाचं गिळणं तिथल्या तिथे सुधारलेलं दिसतं. किंवा डाएटिशियन म्हणतात दूध वाढवा, आणि नेमकं पातळच त्याला झेपत नसतं, आता आईने कुणाचं ऐकायचं?

बरं, ठसका नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही हो. काही मुलांच्या श्वासनलिकेत अन्न जातं तरी खोकला येत नाही, याला सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतात आणि ते नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. मग फीस (FEES) नावाची तपासणी करतात, म्हणजे नाकातून बारीक कॅमेरा, त्यात रेडिएशन नाही पण गिळण्याच्या नेमक्या क्षणी काही दिसत नाही, नाहीतर व्हिडिओफ्लुरोस्कोपी, म्हणजे बेरियम मिसळलेलं अन्न गिळतानाचा हलता एक्स-रे. त्यात रेडिएशन आहे म्हणून वेळ मोजकाच मिळतो, त्यामुळे काय बघायचंय हे रेडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टने आधी ठरवायला हवं, शक्यतो रोजची खुर्ची, घरचाच मऊ वरणभात आणि भरवायला आईच. अनोळखी माणसाने चमचा पुढे केला की मूल तोंड घट्ट मिटून घेतं, मग रिपोर्टमध्ये काय येणार?

2019 मध्ये तज्ज्ञांनी मुलांच्या खाण्याच्या अडचणींची एक व्याख्या मांडली, त्यात 4 बाजू आहेत: वैद्यकीय, पोषण, खाण्याचं कौशल्य आणि मानसिक-सामाजिक. ही चौथी आपल्याकडे राहूनच जाते. घरात सगळे म्हणतात हिलाच नीट भरवता येत नाही, ती रडत रडत तासतासभर भरवत असते, आणि हे कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नसतं!

म्हणून माझं मागणं एवढंच, महिन्यातून एक सकाळ सगळ्यांनी एकत्र ओपीडी करा आणि शेवटी आईच्या हातात एकच कागद द्या, मराठीत, कसं बसवायचं, किती दाट द्यायचं, कधी थांबायचं, आणि अडलं तर फोन कुणाला करायचा. चला, आता प्रश्न घेऊ, आधी आईबाबांनी विचारा.