घर विकताना बायकोची सही का लागते

(परदेशस्थ मराठी मंडळाच्या गोव्यातील मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळींनो, म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरी मातेच्या, फेस्तात (उत्सवात) हिंदू भाविक तेल घेऊन येतात. ते पाहून पाहुणे म्हणतात, गोव्याच्या रक्तातच एकोपा आहे. असेलही. पण तो टिकवायला कायद्याचा मोठा आधार आहे, आणि त्याची माहिती गोव्याबाहेर फारच थोड्यांना असते.

पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता, म्हणजे लग्न, मालमत्ता आणि वारसा यांचा सर्व धर्मांसाठी एकच कायदा, इथे 1870 पासून लागू झाली. 1961 ला गोवा मुक्त झाला, तरी 1962 च्या कायद्याने ती चालू राहिली. वारशाचा भाग आता गोव्याच्या 2012 च्या कायद्यात आला आहे. तो 2016 पासून अमलात आहे.

लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. लग्नानंतर तो करार करता येत नाही. समजा, दोघांचं मिळून 1 कोटीचं घर आहे, मुलगा आणि मुलगी आहेत, आणि नवरा वारला. 50 लाख बायकोचेच. ते वारशात येत नाहीत. उरलेल्या 50 पैकी फक्त 25 लाखांचं मृत्युपत्र त्याला करता आलं असतं. बाकीच्या 25 वर मुलांचा हक्क, मुलाला साडेबारा, मुलीलाही साडेबारा. पेडण्याच्या हिंदू घरात हाच हिशोब आणि सासष्टीच्या ख्रिस्ती घरातही हाच. बायकोची सही नसेल तर घराचा व्यवहार अडतो, म्हणून गिऱ्हाईक आधी तिलाच विचारतं. माझ्या मते मान रुजतो तो इथे, रोजच्या व्यवहारात.

सगळं निर्दोष आहे असं मात्र नाही. 1880 च्या हुकूमनाम्यात हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभा ठेवली होती. सर्वांना एकच म्हणवणाऱ्या कायद्यात अशी फट नकोच होती.

लोक चुकतात ते दोन ठिकाणी. पहिली चूक लग्नाच्या नोंदणीत. सिव्हिल रजिस्ट्रारकडची पहिली सही ही फक्त इराद्याची नोंद असते. मुदतीनंतर साक्षीदारांसह दुसरी सही करावी लागते, आणि ती राहिली तर देवळात लग्न लागलं तरी कायद्याने नवरा-बायको नाही. दुसरी चूक मुलींची. वडील हयात असतानाच ‘हक्क सोडते’ म्हणून कागदावर सही घेतात. जिवंत माणसाच्या वारशावरचा हक्क असा सोडता येत नाही. त्या कागदाला किंमत नाही. अशी सही मागणाऱ्या भावांना हे स्पष्ट सांगा.

गोव्यात लग्न नोंदवलेल्यांनी इथलं घर परदेशातून विकायचं असेल, तर दोघांचंही मुखत्यारपत्र हवं. ते भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यायला विसरू नका.