केसांचा रंग आणि चिडवण्याची मुभा

मंडळी, ऑक्टोबर २०१० मध्ये स्कॉटलंडमधल्या ओबान या गावी लेबर पक्षाची परिषद भरली होती. पक्षाच्या तेव्हाच्या उपनेत्या हॅरिएट हार्मन यांनी भाषणात ट्रेझरी खात्याचे मंत्री डॅनी अलेक्झांडर यांचा उल्लेख ‘जिंजर रोडंट’ असा केला. तांबड्या केसांचा उंदीर, असा त्याचा अर्थ. टीका झाली आणि त्यांनी माफीही मागितली. ब्रिटनचा समानता कायदा संसदेत आणण्यात याच हार्मन पुढे होत्या, आणि तो कायदा त्याच महिन्याच्या १ तारखेला अमलात आला होता. भेदभावाविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या व्यक्तीच्या तोंडूनही हे शब्द सहज निघून गेले. वर्णावरून किंवा धर्मावरून असं बोलताना त्यांची जीभ अडखळली असती. केसांवरून बोलताना अडखळली नाही, कारण त्या समाजात या चिडवण्याला मुभा आहे. आज आपल्याला बोलायचंय ते या मुभेबद्दल.

आधी केसांचं बघू, कारण चिडवण्यातले निम्मे समज अज्ञानातून आलेले असतात. आपल्या सोळाव्या गुणसूत्रावर एमसी१आर नावाचं जनुक आहे. रंग तयार करणाऱ्या पेशीच्या अंगावर एक ग्राहक, म्हणजे बाहेरचा संदेश स्वीकारणारा रेणू असतो, तो या जनुकावरून बनतो. ग्राहकाला संदेश मिळाला की पेशी काळसर रंगद्रव्य तयार करते. ग्राहक अशक्त असला तर संदेश नीट पोचत नाही आणि पेशी पिवळट-तांबड्या रंगद्रव्यावरच थांबते. या जनुकाचा तांबड्या केसांशी असलेला संबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे केसांच्या रंगावर परिणाम करणारी आणखी जनुकं सापडली, पण मुख्य सूत्र हेच राहिलं.

बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडूनही या जनुकाची बदललेली प्रत आली तरच केस तांबडे होतात. म्हणजे काळ्याभोर केसांच्या जोडप्यात दोघंही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे अशी एकेक प्रत असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला तांबडे केस येण्याची शक्यता चारात एक. हे साधं गणित माहीत नसल्यामुळे ब्रिटनमध्ये एक विनोद पिढ्यान् पिढ्या चालत आलाय: ‘तुझा बाप दूधवाला असणार.’ हसणाऱ्याला ती चेष्टा वाटते. ऐकणाऱ्या मुलाच्या आईच्या चारित्र्यावर मात्र चारचौघांत शिंतोडे उडालेले असतात.

तांबड्या केसांची माणसं लवकरच नामशेष होणार, ही अफवाही त्याच गणिताने खोटी ठरते. एखाद्या गावात १०० पैकी ४ जणांचे केस तांबडे आहेत असं धरा. ढोबळ हिशेबाने तिथे आणखी ३२ जण एकेक प्रत मूकपणे वाहत असतात. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट संपलेली नसते.

या जनुकाचे खरे परिणाम वेगळेच आहेत, आणि ते गंभीर आहेत. तांबड्या केसांच्या माणसांची त्वचा उन्हात पटकन भाजते. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगाच्या गाठींवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की या जनुकाची एकच बदललेली प्रत असलेल्यांच्या गाठींमध्येही उन्हाशी निगडित जनुकीय बिघाड सुमारे ४२ टक्क्यांनी जास्त होते. म्हणून टोपी, लांब बाह्या, तीस किंवा त्याहून जास्त एसपीएफचं (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) सनस्क्रीन आणि दर दोन तासांनी पुन्हा एक थर. आता मधल्या सुट्टीत टोपी हिसकावण्याचा खेळ चालत असेल, तर त्या मुलाची त्वचा त्याची किंमत मोजते. भुलीबद्दलही एक गोष्ट सांगतात. २००४ च्या एका छोट्या प्रयोगात तांबड्या केसांच्या १० स्त्रियांना काळ्या केसांच्या १० स्त्रियांपेक्षा भुलीचा वायू १९ टक्के जास्त लागला. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत रोजच्या शस्त्रक्रियांमध्ये असा ठळक फरक आढळला नाही. तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगून ठेवावं, घाबरून जाऊ नये.

हा हेटाळणीचा सूर जुना आहे. युरोपात मध्ययुगापासूनच्या अनेक चित्रांत येशूशी दगा करणारा ज्युडास तांबड्या केसांचा रंगवलेला दिसतो. आणि आपल्याकडे? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातला आठवा श्लोक ‘नोद्वहेत्कपिलां कन्याम्’ असा सुरू होतो. कपिल मुलीशी लग्न करू नये, आणि टीकाकार कपिल म्हणजे पिंगट केसांची असा अर्थ लावतात. गंमत अशी, की पतंजलीच्या महाभाष्यात ब्राह्मणाची लक्षणं सांगताना ‘गौरः शुच्याचारः पिङ्गलः कपिलकेशः’ असं म्हटलंय, म्हणजे गोरा, शुद्ध आचाराचा, पिंगट, कपिल केसांचा. तोच केस एका जागी कुळाची खूण, दुसऱ्या जागी मुलगी नाकारायचं कारण. केसांना कुठे काय अर्थ चिकटवायचा हे माणसं ठरवतात, आणि ते ठरवताना मुलींच्या वाट्याला काय येतं हेही इथे दिसतं.

महाराष्ट्राशी संबंधित एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आपल्या डोंगरी भागातल्या एखाद्या पोराचे केस विरळ, निस्तेज, तांबूस झालेले असतील आणि ओढल्यावर सहज हातात येत असतील, तर तिथे प्रश्न जनुकाचा नसून उपासमारीचा असू शकतो. त्याला ‘भुऱ्या’ म्हणून हसण्याआधी अंगणवाडीत न्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून काढल्यावर खड्डा तसाच राहत असेल, तर ते तीव्र कुपोषण आहे आणि मुलाला त्याच दिवशी उपचार हवेत.

आता पुन्हा पश्चिमेकडे. मुभा कशी पसरते हे २००५ ते २००९ या चार वर्षांत नीट पाहता येतं. २००५ मध्ये एका अमेरिकन व्यंगचित्र मालिकेत तांबड्या केसांच्या मुलांबद्दलच्या पूर्वग्रहाची टर उडवणारा भाग आला. टर पूर्वग्रहाची होती, मुलांनी उचलली ती शिवी. २००८ मध्ये कॅनडात एका मुलाने फेसबुकवर गट काढला आणि २० नोव्हेंबर हा तांबड्या केसांच्या मुलांना लाथ मारण्याचा दिवस म्हणून जाहीर केला. शाळाशाळांतून मुलांना खरोखरच लाथा बसल्या. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या कॅलाबासस इथे १२ वर्षांच्या मुलाला वर्गमित्रांनी मारलं. बालहक्कांचा करार संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये मंजूर केला तो दिवसही २० नोव्हेंबरच. त्याच २००९ च्या नाताळात ब्रिटनमधल्या एका मोठ्या दुकानसाखळीत सांताक्लॉजचं भेटकार्ड विकायला होतं. सांताला सगळी मुलं आवडतात, अगदी तांबड्या केसांचीसुद्धा, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. एका आईने तक्रार केली तेव्हा ते काढलं गेलं. त्यातला ‘सुद्धा’ हा शब्द वाचा. मुभा त्या शब्दात आहे.

कायदा इथे अर्धवट पोचतो. ब्रिटनच्या समानता कायद्यात वंश, लिंग, धर्म, अपंगत्व, वय अशी नऊ संरक्षित वैशिष्ट्यं आहेत. त्यांत केसांचा रंग नाही. त्यामुळे पालक शाळेत जाऊन ‘हा भेदभाव आहे’ म्हणून भांडतात, शाळा नऊंची यादी दाखवते आणि पालक हात हलवत परततात. दार चुकीचं ठोठावलेलं असतं. इंग्लंडमध्ये २००६ च्या शिक्षण कायद्याचं ८९ वं कलम हे खरं दार. छळाचे सर्व प्रकार रोखण्यासाठी उपाय ठरवणं त्यानुसार सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे, आणि ‘सर्व’ म्हटल्यावर यादीचा प्रश्नच उरत नाही. लंडन-लेस्टरमधल्या मराठी पालकांनीही हे कलम लक्षात ठेवावं. डब्याच्या वासावरून किंवा नावाच्या उच्चारावरून मूल चिडवलं जात असेल तरी तेच लागू होतं.

तक्रार मात्र लेखी करावी. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, आणि नेमके शब्द, जसेच्या तसे. ‘माझ्या मुलाला त्रास देतात’ या वाक्यावर शाळा काही करू शकत नाही. ‘मंगळवारी साडेदहाला जेवणघराच्या रांगेत तिघांनी हे शब्द वापरले, मागच्या आठवड्यात दोनदा’ यावर तिला करावंच लागतं, कारण वारंवारता दिसली की ती मस्करी उरत नाही. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळेचं नियामक मंडळ, आणि प्रत्येक पायरीवर उत्तराची तारीख मागून घ्यायची.

इथे शाळा हमखास दोन चुका करतात. पहिली, दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणं. भांडण बरोबरीच्या मुलांचं असेल तर त्याने मिटतं. पाच जण एकाला छळत असतील तर त्या हस्तांदोलनातून मुलाला एवढंच कळतं की आपलीही काही चूक होती. दुसरी चूक, ‘दुर्लक्ष कर’ असं सांगणं. छळ बघ्यांसाठी चालतो. मुलाने दुर्लक्ष केलं तरी बघे हसायला तिथेच असतात.

घरची चूक म्हणजे केस रंगवून देणं. ब्रिटनमधल्या केसरंगांच्या खोक्यावर १६ वर्षांखालच्यांसाठी नाही असं छापलेलं असतं, आणि ४८ तास आधी ॲलर्जीची चाचणी घ्यायला सांगितलेलं असतं. गडद रंगांतल्या रसायनाने डोकं आणि चेहरा सुजल्याच्या घटना खऱ्या आहेत. शिवाय महिन्याभरात मुळं पुन्हा तांबडी दिसतात आणि चिडवायला नवं निमित्त मिळतं.

उपाय बघ्यांपासून सुरू करावा लागतो. टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, छळ दहा सेकंदांत थांबला. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला कीवा हा शालेय कार्यक्रमही बघ्यांवरच भर देतो. वर्गात हे शिकवायचं तर भाषण नको, तालीम हवी. दोन मुलांनी एकत्र जायचं, एकट्याने नाही. चिडवणाऱ्याशी वाद घालायचा नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. चिडवल्या जाणाऱ्या मुलाला नावाने हाक मारायची, ‘चल, आमच्यात एक गडी कमी आहे’ म्हणायचं आणि त्याला घेऊन चालू लागायचं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, जोड्या बदलत, प्रत्येक मुलाच्या तोंडी ते वाक्य बसेपर्यंत.